पोटाची नोकरी, मनाचा छंद आणि झोपेचा हिशेब

खडकीत 1869 पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे. इथल्या कित्येक घरांत पिढ्यान् पिढ्या यंत्रावर हात चालवून संसार झाले. मात्र याच घरांच्या खुंटीवर भजनी मंडळाचे टाळ असतात, माळ्यावर पेटी असते आणि एखादा मुलगा संध्याकाळी नाटकाच्या तालमीला पळतो. आता कारखान्यांच्या जोडीला हिंजवडीच्या संगणक कंपन्यांत जाणारी मंडळीही आली. कामाचे स्वरूप बदलले, पण दवाखान्यात येणारा प्रश्न तोच राहिला : "डॉक्टर, नोकरी सांभाळून हे सगळं झेपेल का?"

पस्तिशीच्या आतला एक टर्नर माझ्याकडे आला होता. दिवसभर लेथवर काम आणि आठवड्यातून तीन दिवस स्पर्धेच्या नाटकाची तालीम. डोके जड, आवाज बसलेला, चिडचिड वाढलेली. वेगवेगळ्या तीन दिवशी मोजला तेव्हा रक्तदाब 150/100 च्या आसपास भरला. बरोबर आलेल्या घरच्यांनी निकाल देऊन टाकला होता, "हे नाटकाचं खूळ बंद करायला सांगा."

मी त्यांना आठवडाभराचा वेळेचा तक्ता लिहून आणायला सांगितले. त्यात दिसले ते असे : तालीम दोनच तासांची, पण नंतर चहाच्या टपरीवर दीड तास गप्पा. घरी येऊन जेवण साडेअकराला, मग अंथरुणात मोबाईल. झोप जेमतेम साडेचार तास. ती भरून काढायला दिवसाकाठी आठ-नऊ कप चहा आणि जोडीला तंबाखू. म्हणजे दुखण्याचे मूळ नाटकात नव्हते, नाटकाच्या भोवती साचलेल्या गोष्टींत होते.

वाचकहो, प्रौढ माणसाला रोज किमान सात तास झोप लागते. झोप वर्षानुवर्षे अपुरी पडली, तर रक्तदाब, मधुमेह आणि वजन वाढण्याचा धोका वाढतो. यंत्रावर काम करणाऱ्याला याहून जवळचा धोका असतो. सलग 17 तास जागलेल्या माणसाचे लक्ष आणि हातांची चपळाई रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी मंदावते, असे प्रयोगांत दिसून आले आहे. आपला कायदा वाहनचालकाला 0.03 टक्क्यांपलीकडे सूट देत नाही. पहाटे साडेपाचला उठलेला माणूस रात्री साडेदहाला तालमीहून स्कूटरवर निघतो, तेव्हा नेमके 17 तास भरलेले असतात. दारूचा थेंब न घेताही तो धोक्यात असतो.

मग छंद सोडायचा का? माझे उत्तर 'नाही' असे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. कलेचा मनाच्या आणि शरीराच्या आरोग्याला उपयोग होतो, असा त्याचा सूर आहे. पुण्यात तर याचे दाखले घरचेच आहेत. सतीश आळेकर बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्राच्या विभागात नोकरी करत होते. 'महानिर्वाण' (1974) आणि 'बेगम बर्वे' (1979) ही नाटके त्याच काळातली. 'घाशीराम कोतवाल' 1972 मध्ये रंगमंचावर आले. त्याचे दिग्दर्शक डॉ. जब्बार पटेल दौंडला मुलांचे डॉक्टर होते आणि नाना फडणवीसांची भूमिका करणारे डॉ. मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ. अर्थात सर्वांनीच दोन्ही डगरींवर पाय ठेवला असे नाही. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे शल्यविशारद होते, पण 1969 मध्ये ते पूर्णवेळ रंगभूमीकडे वळले. ज्याचा त्याने निर्णय घ्यावा, परंतु तो थकलेल्या डोक्याने घेऊ नये.

जे दोन्ही सांभाळणार आहेत, त्यांच्यासाठी काही सूचना :

झोपेची वेळ आधी ठरवा, उरलेल्या वेळात छंद बसवा. कामावरून आल्यावर वीस-पंचवीस मिनिटे डोळे मिटून पडा, मग तालमीला जा. रात्रपाळीच्या आठवड्यात शक्यतो तालीम ठेवू नका.

दुपारी चारनंतर चहा-कॉफी टाळा. पोटात गेलेल्या कॅफिनपैकी निम्मे उतरायलाच सुमारे पाच तास लागतात.

तालमीआधी पोळी-भाजी किंवा मूठभर शेंगदाणे-गूळ खा, म्हणजे रात्री उशिरा वडापाव लागत नाही. मधुमेह असेल तर गूळ वगळा.

गाणाऱ्यांनी आणि नटांनी घोट घोट पाणी पीत राहावे, सारखे खाकरू नये. आवाज बसला तर कुजबुजूसुद्धा नये. गळ्याला पूर्ण विश्रांती द्यावी. तीन आठवड्यांत आवाज सुटला नाही, तर घसा तपासून घ्यावा. तंबाखू खाणाऱ्याने यात मुळीच चालढकल करू नये.

रक्तदाबाची गोळी बरे वाटले म्हणून मनाने बंद करू नये.

त्या टर्नरने टपरी आणि अंथरुणातला मोबाईल सोडला, तालीम सातला सुरू करून नऊला आटोपायची ठरवली. तंबाखू सुटायला मात्र चार महिने आणि दोनदा माघार लागली. रक्तदाब उतरला तरी गोळी चालू आहे, आणि नाटकही.

शेवटी गावाकडच्या आईवडिलांना दोन शब्द. मुलगा पुण्यात नोकरीला आहे आणि संध्याकाळी तबला शिकतो असे कळले, तर "पगार वाढला का?" या प्रश्नाच्या आधी "झोपतोस किती वाजता?" असे विचारा. शहरात खोलीवर एकटा राहणाऱ्या मुलाला चार जिवाभावाची माणसे अशा छंदातूनच मिळतात. आणि तीन-चार आठवडे झोप उडाली, जेवण तुटले, कशातच रस वाटेना, आवडता तबलाही कोपऱ्यात पडून राहिला, तर तो आळस समजू नका. ते मनाच्या आजाराचे लक्षण असू शकते. त्याला रागावू नका. डॉक्टरांकडे घेऊन जा.