वडीलधाऱ्यांच्या वेदना आणि गांजाचे औषध

घरातील वयोवृद्ध माणूस कर्करोगाने किंवा तशाच दुर्धर दुखण्याने अंथरुणाला खिळला, की शेजारीपाजारी नाना उपाय सुचवू लागतात. अलीकडे त्यांत गांजाच्या तेलाची भर पडली आहे. मोरजीसारख्या किनाऱ्यावरच्या गावात ही गोष्ट लवकर कानावर येते. परदेशी पाहुणा सांगतो की आमच्याकडे हे औषध म्हणून मिळते, आणि घरच्यांना वाटते, बाबांची तळमळ थांबणार असेल तर का देऊ नये? हा प्रश्न मायेपोटी आलेला असतो. त्याला हसू नये, पण त्याचे उत्तर नीट समजून घ्यावे.

प्रथम झाडाची ओळख करून घेऊ. भांग, गांजा आणि चरस ही एकाच झाडाची तीन रूपे आहेत. पाने ती भांग, मादी झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे तो गांजा, आणि त्यावरचा चिकट राळेसारखा रस तो चरस. झाडात अनेक द्रव्ये असतात. त्यांपैकी टीएचसी हे नशा आणते, तर सीबीडी हे तशी नशा आणत नाही. आयुर्वेदात या झाडाला ‘विजया’ म्हणतात. आपल्या गोव्याशीही त्याचा जुना संबंध आहे. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या औषधी ग्रंथात भांगेवर स्वतंत्र संवाद लिहिला आहे.

मग आजचे वैद्यकशास्त्र काय म्हणते? केमोथेरपीमुळे होणारी मळमळ व उलटी इतर औषधांनी थांबत नसेल, तर टीएचसीच्या जातीच्या गोळ्यांचा उपयोग होतो. अशा दोन औषधांना अमेरिकेत १९८५ साली मान्यता मिळाली. मज्जातंतूंच्या एका रोगात स्नायू ताठरतात, तेथेही काहींना आराम पडतो. अपस्माराच्या काही दुर्मीळ प्रकारांसाठी शुद्ध सीबीडीला २०१८ साली मान्यता मिळाली. जुनाट वेदनेत काही रुग्णांना थोडासा फरक जाणवतो. परंतु गांजाने माणसाचा कर्करोग बरा होतो याला पुरावा नाही. या आशेवर इस्पितळातील उपचार सोडणे म्हणजे हातची वेळ घालवणे होय.

ऑस्ट्रेलियात पुढच्या अवस्थेतील कर्करोगाच्या रुग्णांवर सीबीडी तेलाची चाचणी झाली. काहींना खरे तेल दिले, काहींना तसेच दिसणारे नुसते तेल. वेदनाशामक सेवा मात्र सर्वांना सारखीच मिळाली. २०२३ साली निष्कर्ष छापून आले. दोन्ही गटांचा त्रास कमी झाला होता. खऱ्या तेलाने त्यात भर पडली नव्हती. रुग्णांना चांगली सेवा मिळत होती, हे येथे विसरू नये.

म्हाताऱ्या माणसांना या झाडाचा धोका तरुणांपेक्षा जास्त आहे. टीएचसीने डोके हलके होते, उभे राहताना रक्तदाब उतरतो, हृदयाचे ठोके वाढतात. रात्री लघवीला उठलेली आजी तोल जाऊन पडली आणि मांडीचे हाड मोडले, तर मूळ आजारापेक्षा तेच संकट मोठे ठरते. काहींना भ्रम होतो, घरची माणसे ओळखत नाहीत. झोपेच्या गोळ्यांबरोबर घेतल्यास गुंगी वाढते. रक्त पातळ करणाऱ्या वॉर्फरिन गोळीचा परिणाम सीबीडीमुळे वाढून रक्तस्राव होऊ शकतो. आणखी एक गोष्ट: पोटात घेतलेले तेल लगेच लागू पडत नाही, अर्धा ते दोन तास लागतात. घरच्यांना वाटते गुण आला नाही, म्हणून ते दुसरा डोस देतात, आणि मग दोन्ही एकदम चढतात.

आता शेतीचे. परसात एखादे झाड लावले तर काय बिघडले, असे कोणी म्हणेल. पहिली अडचण ही की झाडागणिक द्रव्यांचे प्रमाण बदलते, त्यामुळे डोस ठरवता येत नाही. दुसरी, हे झाड जमिनीतील जड धातू शोषून घेते. तिसरी, आपल्या दमट हवेत दाट फुलोऱ्याला बुरशी लागते. केमोथेरपीने ज्याची रोगप्रतिकारशक्ती खालावली आहे, त्याच्या फुप्फुसात ही बुरशी गेली तर जिवावर बेतते. चौथी अडचण कायद्याची. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार विनापरवाना लागवडीस दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कुंडीतले झाडही लागवडच ठरते. आजारपणाचे कारण सांगून सुटका होईल, असे कोणी धरून चालू नये.

डिसेंबर २०२० मध्ये जम्मूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ इंटिग्रेटिव्ह मेडिसिन या सरकारी संशोधन संस्थेचा औषधी गांजाच्या लागवडीचा प्रस्ताव गोवा सरकारच्या विचाराधीन असल्याचे जाहीर झाले. त्यावर बराच गदारोळ उठला आणि तो प्रस्ताव अंमलात आला नाही. आपल्या शेतकऱ्याला ही मोकळीक मिळाली, असा समज कोणी करून घेऊ नये.

बाटल्यांविषयीही सावध असावे. भांगेच्या बियांचे तेल हा खाद्यपदार्थ आहे. त्याला नोव्हेंबर २०२१ मध्ये अन्न म्हणून मान्यता मिळाली. ते वेदनेवरचे औषध नव्हे. ‘विजया’ची आयुर्वेदिक औषधे निराळी. औषध नियमांत भांगेची नोंद विषारी द्रव्यांत आहे आणि ती वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यायची असतात. किनाऱ्यावर कोणी हातात दिलेल्या, परवाना क्रमांक नसलेल्या बाटलीत काय आहे, हे देणाऱ्यालाही ठाऊक नसते.

तर मग तळमळणाऱ्या माणसाने करायचे काय? याचे उत्तर जुने आणि खात्रीचे आहे: मॉर्फिन. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ सालीच कर्करोगाच्या वेदनेसाठी औषधांच्या पायऱ्या ठरवून दिल्या, आणि तीव्र वेदनेसाठी मॉर्फिनची गोळी सांगितली. ती दुखू लागल्यावर नव्हे, तर घड्याळाप्रमाणे, साधारणपणे दर चार तासांनी देतात. तिने बद्धकोष्ठता होते, म्हणून सोबत पोट साफ होण्याचे औषध लागतेच. वेदनेसाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतलेल्या मॉर्फिनचे व्यसन क्वचितच लागते. ती मिळणे सोपे व्हावे म्हणून २०१४ साली कायदाही दुरुस्त झाला आहे.

तरीही अनेक घरांत ही गोळी मागितलीच जात नाही. कोणाला वाटते, मॉर्फिन म्हणजे शेवट आला. कोणाला वाटते, दुःख हा आपला क्रूस आहे, तो निमूटपणे वाहिला पाहिजे. पण दुसऱ्याच्या खांद्यावर तो लादण्याचा अधिकार आम्हांला नाही. पोप बारावे पायस यांनी १९५७ सालीच डॉक्टरांना सांगितले की वेदना शमवण्यासाठी अशी औषधे देणे योग्य आहे. ख्रिस्तसभेची आजची शिकवणही तीच आहे.

घरच्यांनी एवढे करावे:

१. दुखणे कोठे, कधी आणि किती, हे वहीत लिहावे. शून्य म्हणजे काही नाही आणि दहा म्हणजे असह्य, असा आकडा आजाऱ्यालाच विचारावा.

२. ती वही घेऊन म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात किंवा बांबोळीला गोमेकॉत डॉक्टरांकडे जावे आणि स्पष्ट विचारावे, “वेदना थांबवण्यासाठी आणखी काय देता येईल?”

३. घरी सांभाळणे अशक्य झाल्यास लोटली येथील शांती अवेदना सदनाची चौकशी करावी. तेथे शेवटच्या अवस्थेतील कर्करोगाच्या रुग्णांची विनामूल्य सेवा होते.

४. गांजाचे तेल आधीच सुरू केले असेल तर ते डॉक्टरांपासून लपवू नये. ते समजल्याशिवाय इतर औषधे बेताने देता येत नाहीत.

आमच्या पिढीने आईवडिलांना कण्हताना ऐकले आणि “वयच झाले आता” म्हणून सोडून दिले. वयामुळे दुखते हे खरे, पण दुखणे सोसलेच पाहिजे हे खरे नव्हे. आपल्या घरात कोणी रात्र रात्र जागून काढत असेल, तर बाटली शोधण्यापूर्वी ती वही उघडावी, आणि या आठवड्यातच डॉक्टरांना भेटावे.