पट्टीवर नाव कोणाचे?

आळेफाट्याजवळील राजुरी व तिच्या आसपासची जुन्नर तालुक्यातील गावे टोमॅटो आणि कांदा यांवर बरीच अवलंबून आहेत. रोपे लावावयाची, खुरपणी करावयाची, माल तोडून निवडावयाचा, ही कामे बहुतांशी बायकांच्या हातची. तोच माल नारायणगावच्या किंवा आळेफाट्याच्या बाजारात गेला की आडतदाराची पट्टी मात्र प्रायः घरातील पुरुषाच्या नावे होते. ज्याच्या नावे कागद नाही त्यास सावकार ओळखीत नाही व बँकही ओळखीत नाही. स्त्रियांच्या उद्योगाचा सगळा प्रश्न आमच्या मते या एका चिटोऱ्यात साठविलेला आहे.

स्त्रियांनी उद्योगधंद्यात शिरावे असा उपदेश करणारे पुष्कळ आहेत. पण स्त्री त्यात पिढ्यान्‌पिढ्या आहेच. तिला तेथे नाव नाही, म्हणून पतही नाही.

ही उणीव आमच्याच देशाची आहे असे मात्र कोणी समजू नये. समतेचा डांगोरा पिटणाऱ्या फ्रान्स देशात पतीच्या संमतीवाचून नोकरी धरण्याची व बँकेत खाते उघडण्याची मोकळीक विवाहित स्त्रीस १९६५ च्या कायद्याने मिळाली. अमेरिकेतील काही राज्यांत धंद्यासाठी कर्ज काढणाऱ्या स्त्रीस पुरुष नातलगाची सही आणावी लागे. ती अट १९८८ साली गेली.

आमच्याकडे कायदा याबाबतीत मागे नाही. महाराष्ट्राने १९९४ साली व सबंध देशाने २००५ साली मुलीस वडिलार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. तो जन्मसिद्ध आहे असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली दिला. खेड तालुक्यात आंबेठाण येथे राहणाऱ्या शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने तर 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम काढून नवऱ्यांनी बायकांच्या नावे जमीन करून द्यावी असा आग्रह धरला होता. तथापि व्यवहार पाहावा तर वाटणीच्या वेळी बहिणीपुढे हक्कसोडपत्र सरकविले जाते, आणि माहेर तुटेल या धास्तीने ती मुकाट्याने सही करते.

यावर आक्षेप असा की, बायकांस व्यवहार कळत नाही. त्यास म्हसवडचे उत्तर पुरेसे आहे. सातारा जिल्ह्यातील या दुष्काळी गावच्या स्त्रियांनी चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने बँक काढावयाचे ठरविले, तेव्हा प्रवर्तकांत निरक्षर बायका आहेत म्हणून रिझर्व्ह बँकेने अर्ज नाकारला. त्या बायका अक्षरे शिकल्या, पुन्हा गेल्या, आणि १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. व्यवहार अंगावर पडल्यावाचून कोणास कळला आहे? पुरुषही पेढीवर बसूनच शिकला.

दुसरा आक्षेप, घरात फूट पडेल. भावाभावांच्या वाटण्यांनी पडणारी फूट आम्ही रोज कोर्टात पाहतो; तिचे खापर कोणी बायकांवर फोडू नये.

म्हणून आमच्या व्यापारी वाचकांस विनंती की, माल पिकविणारी स्वतः बाजारात आली तर पट्टी तिच्या नावे करावी व पैसा तिच्या खात्यात भरावा. घरधन्यांनी सातबाऱ्यावर पत्नीचे नाव लावण्यासाठी तलाठ्याकडे आजच चौकशी करावी. भावांनी बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवण्यापूर्वी त्याचा अर्थ तिला स्पष्ट वाचून दाखवावा. यास नवा कायदा नको. जो आहे तो पाळण्याइतकी दानत आपल्यात आहे किंवा नाही, एवढाच प्रश्न उरतो.