मासळीची सुरी : हाताची की विजेची?

"आई, ही बघ विजेची सुरी. बटण दाबलं की आपोआप चालते. केवढाही रावस असू दे, लोण्यासारखा कापते."

मुलाने मोबाईलवर चित्र दाखवले. आई अलिबागकडच्या एका बाजारात मासळी विकते. तिच्यापुढे मोरळी आणि कोयता असतो. आजवर तिचे या दोहोंवर भागले. पण आता एका खानावळीने रोज दहा रावस मागितले आहेत. ते तुकड्या करून नकोत, काटा काढून हवेत. काम मोठे आहे, पैसाही बरा आहे. मुलगा म्हणतो, बचत गटातून कर्ज काढू आणि यंत्र घेऊ.

आई म्हणाली, "लोण्यासारखा कापते म्हणतोस. पण मध्ये बोट आलं तर? आणि कर्ज फिटलं नाही तर?"

आईचे दोन्ही प्रश्न खरे आहेत. त्यांची उत्तरे आपण शोधू या.

आधी काम पाहा

मासळी कापणे म्हणजे एकच काम नव्हे. सुरमईची किंवा हलव्याची तुकडी करायची तर मधला जाड काटा आडवा तोडावा लागतो. तिथे वजनदार कोयता किंवा पक्की बसवलेली मोरळीच हवी. बांगडा, बोंबील, मांदेली साफ करायला लहान सुरी किंवा मोरळी पुरते.

काटा सोडवून मांसाची सलग फोड काढणे हे तिसरे काम. त्याला बाजारात फिले म्हणतात. इथे काटा तोडायचा नसतो. पाते काट्याला चिकटून न्यायचे असते. म्हणून इथे कोयता कामाचा नाही. पाते पातळ हवे, थोडे लवणारे हवे. लवणारे पाते काट्याच्या चढउतारावरून सरकते आणि मांस काट्यावर राहू देत नाही.

हाताची सुरी कशी घ्यावी?

मध्यम माशाला सहा ते आठ इंच लांबीचे पाते पुरते. पाते पुढे निमुळते असावे. न गंजणाऱ्या पोलादाचे पाते ओल्या कामाला सोयीचे. साध्या पोलादाला धार चांगली येते, पण ते रोज पुसून कोरडे ठेवावे लागते. मूठ खरखरीत असावी, म्हणजे ओल्या हातातून निसटत नाही. मुठीला फट नसावी. फटीत घाण साचते आणि वास सुटतो.

धार ठेवायला एक दगड घ्या. दगडावर पाते जवळजवळ आडवे धरा, किंचित उचला आणि दोन्ही बाजू सारख्याच वेळा फिरवा. मग कागदाचा तुकडा कापून पाहा. कागद न फाटता कापला गेला तर धार बरी आहे.

पुष्कळ लोक म्हणतात, धारदार सुरीची भीती वाटते. खरे पाहता बोथट सुरीच जास्त दगा देते. ती चालत नाही म्हणून आपण जोर लावतो. जोर लावला की ती निसटते आणि हातावर येते.

विजेची सुरी कशी चालते?

ही सुरी मुळात मासळीसाठी निघाली नाही. १९६० नंतरच्या दशकात ती अमेरिकेत घरोघरी गेली. तिथे टर्की नावाचा मोठा पक्षी भाजतात. त्याचे काप करायला ती वापरीत. पुढे तळ्यात गळ टाकून मासे धरणाऱ्यांनी ती उचलली. एका बैठकीत पुष्कळ मासे साफ करायला ती त्यांना बरी पडली.

हिला एक सोडून दोन पाती असतात. ती एकमेकांना चिकटून बसतात. दोहोंना करवतीसारखे दात असतात. मोटर सुरू झाली की एक पाते पुढे जाते, तेव्हा दुसरे मागे येते. म्हणून मासा ओढला जात नाही आणि जोरही लावावा लागत नाही. आपण फक्त दिशा दाखवायची.

मोठ्या, जाड माशाला ही सुरी चांगली चालते. फासळीचे बारीक काटे ती सहज तोडते. पण ते तुटलेले काटे फोडीत राहतात आणि मागाहून हाताने काढावे लागतात. पापलेटसारख्या चपट्या माशाला ती नको. मांसाचा थर पातळ, त्यात पाते थोडे वर गेले की मांस काट्यावरच राहते. तुकड्या करायला किंवा बर्फाने दगड झालेला मासा कापायला तर ती मुळीच वापरू नये. मोटरवर ताण येतो.

घेताना काय पाहावे?

पहिली गोष्ट, व्होल्ट वाचा. आपल्याकडची वीज २३० व्होल्टची आहे. अमेरिकेतली १२० व्होल्टची. तिथले यंत्र इथे सरळ लावले तर ते जळते. पेटीवर २३० व्होल्ट लिहिले आहे ना, ते स्वतः वाचून पाहा. अक्षर-अंक शिकल्याचा हाच उपयोग.

दुसरी गोष्ट, यंत्र हातात धरून पाहा. दुकानात हलके वाटते, दहाव्या माशाला जड होते. बटणाला खटका असावा, म्हणजे चुकून बोट लागले तरी यंत्र सुरू होत नाही.

तिसरी गोष्ट, पाती सुटी मिळतात का ते विचारा. दात्यांच्या पात्याला आपल्या दगडावर नीट धार लागत नाही. पाती बोथट झाली आणि नवी मिळाली नाहीत, तर यंत्र फळीवर पडून राहील.

पाणी आणि वीज

मासळीच्या जागी पाणी असतेच, आणि तेही खारे. खाऱ्या पाण्यातून वीज लवकर वाहते. म्हणून तारेची सुरी घेतली तर फार जपावे. पायाखाली कोरडी फळी किंवा रबरी चटई ठेवा. तार ओल्या जमिनीवरून नेऊ नका. तार कुठे सोललेली असेल तर यंत्र लावूच नका. वायरमनला सांगून तीस मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवून घ्या. वीज अंगातून जमिनीत जाऊ लागली की ती क्षणात प्रवाह तोडते.

बॅटरीची सुरी या कामाला जास्त बरी. काम करताना तार नाही, म्हणून तारेच्या विजेचा धोका नाही. मात्र बॅटरी कोरड्या जागी भरावी.

पाती बदलताना किंवा धुताना आधी प्लग किंवा बॅटरी काढा. पाती साबणाने धुवा. मोटरचा भाग पाण्यात बुडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. हातमोजा घातला म्हणजे बोट सुरक्षित, असेही समजू नका. साध्या सुरीला अडवणारा मोजा चालत्या दात्यांना अडवीलच असे नाही. हात पात्याच्या मागे ठेवणे हाच खरा उपाय.

हात कापलाच तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून हात वर धरा. रक्त थांबले की साबणाने व भरपूर पाण्याने धुवा. तंबाखू, चुना, राख लावू नका. दवाखान्यात जाऊन धनुर्वाताची सुई घ्यायची आहे का, ते विचारा. माशाचा काटा लागून बोट सुजले तरी घरी बसू नका.

एकाच माशावर परीक्षा

आता कर्जाचा प्रश्न. माशाला दोन बाजू असतात. हीच आपली परीक्षा.

आईने तेच केले. ती आपला रावस घेऊन दुकानात गेली. एक बाजू तिने पातळ सुरीने सोडवली. दुसरी बाजू दुकानदाराने यंत्राने सोडवली. दोन्ही फोडी तराजूत घातल्या. आईची फोड ५० ग्रॅमने जास्त भरली.

मुलगा म्हणाला, "पन्नास ग्रॅमच ना! पण वेळ किती वाचला! माशामागे दोन मिनिटं."

"मांड हिशेब," आई म्हणाली.

मुलाने वहीत मांडला. एका बाजूला ५० ग्रॅम, तर दोन बाजूंना १०० ग्रॅम. दहा माशांना १,००० ग्रॅम, म्हणजे एक किलो. वेळ वाचला दहा दुणे वीस मिनिटे.

वीस मिनिटांसाठी रोज एक किलो रावस काट्याला चिकटून जाणार. काट्याचे कालवण होते, तो विकलाही जातो. पण त्याला फोडीचा भाव येत नाही.

मुलगा गप्प झाला. आई हसून म्हणाली, "यंत्र वाईट नाही रे. माझा हात बसलेला आहे, म्हणून मला ते महाग पडतं. उद्या पन्नास मासे आले, माझा हात भरून आला, तेव्हा परत मोजू."

त्यांनी पातळ सुरी आणि दगड घेतला. कर्ज काढले नाही. दुसऱ्या दिवसापासून मुलगा आईशेजारी बसून काट्यावरून पाते सरकवायला शिकू लागला.

तुमचा हिशेब वेगळा येईल. हात नवा असेल, मासे पुष्कळ असतील, मनगट दुखत असेल, तर यंत्रच परवडेल. पण जाहिरात पाहून ठरवू नका. आपला मासा न्या, दोन्ही बाजू कापा, तराजूत घाला आणि मग पैसे मोजा.

विचार करा आणि सांगा

१. तुकडी करायला आणि फोड काढायला एकच सुरी का चालत नाही?
२. बोथट सुरी जास्त धोक्याची का?
३. एका माशामागे ६० ग्रॅम मांस वाया गेले, तर २० माशांमागे किती जाईल?