संगणक शिका, पण मान वर करून!

गेल्या पावसाळ्यात एक विद्यार्थी दवाखान्यात आला. वय एकोणीस, संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला. गाव पोलादपूर तालुक्यात, राहणे नवीन पनवेलमध्ये तिघा मित्रांसह भाड्याच्या खोलीत. तीन आठवडे डोके दुखत होते, मान आखडली होती, डोळ्यांची आग होत होती. रात्री उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येत. खुर्चीवर बसल्या बसल्या त्याने विचारले, "डॉक्टर, मेंदूचा एमआरआय करायचा का?"

तपासले. रक्तदाब ठीक, मज्जातंतूंची तपासणी ठीक. मानेचे आणि खांद्याचे स्नायू मात्र लाकडासारखे घट्ट. मी विचारले, "अभ्यासाला कुठे बसतोस?" खोलीत टेबल नव्हते. गादीवर मांडी घालायची, मांडीवर उशी, उशीवर लॅपटॉप. दुपारी वडापाव, रात्री चहा, परीक्षा जवळ आली की डब्यातले एनर्जी ड्रिंक. झोप पहाटे तीनला, सकाळी साडेसातला पुन्हा प्रॅक्टिकल.

"तीनपर्यंत करतोस काय?"

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "प्रोग्राम चालत नाही, डॉक्टर. बाकीच्यांचा चालतो." आणि त्याचे डोळे भरून आले. दोन विषयांत केटी लागली होती. घरी सांगितले नव्हते. लॅपटॉपसाठी वडिलांनी कर्ज काढले होते.

एमआरआयची गरज नव्हती. आजार समोर बसला होता.

तीनशे वर्षांपूर्वीचे निदान

इटलीतील डॉक्टर बर्नार्डिनो रामाझिनी यांनी कामगारांच्या आजारांवर एक ग्रंथ लिहिला. त्याच्या १७१३ च्या आवृत्तीत त्यांनी कारकून आणि लेखनिकांच्या दुखण्यांची तीन कारणे दिली: सतत बसून राहणे, हाताची एकाच प्रकारची अखंड हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावर असणारा ताण. बोरूच्या जागी माउस ठेवा, हेच वर्णन आजच्या संगणकाच्या विद्यार्थ्याला लागू पडते.

तिसरे कारण आपण विसरतो. इतिहासाच्या पेपरात एखादे वाक्य चुकले तर एखादा गुण जातो. 'सी' भाषेत एक अर्धविराम राहिला, तर अख्खा प्रोग्राम अडतो. शिवाय दहावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या मुलाला पुस्तक इंग्रजी, पडद्यावरची चुकीची सूचनाही इंग्रजी. अडले की तो 'मलाच जमत नाही' असे समजतो आणि पडद्याला आणखी चिकटून बसतो.

डोळे, मान आणि मनगट

एरवी आपण मिनिटाला सुमारे पंधरा वेळा पापणी मिटतो. पडद्याकडे एकटक पाहताना हे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते. डोळ्यांतला ओलावा सुकतो, आग होते, अक्षरे पुसट दिसतात. म्हणून दर वीस मिनिटांनी वीस सेकंद सुमारे वीस फुटांवर पाहावे आणि मुद्दाम पापण्या मिटाव्यात. निळा प्रकाश अडवणाऱ्या महागड्या चष्म्यांनी डोळ्यांचा थकवा कमी होतो, याला भक्कम आधार नाही. कॉक्रेन या संस्थेने २०२३ साली घेतलेल्या आढाव्यातही तसेच दिसले. त्या पैशांत नंबर तपासून घ्यावा. या मुलाने दहावीनंतर डोळे तपासलेच नव्हते. नंबर वाढलेला निघाला.

आपल्या डोक्याचे वजन चार-पाच किलो असते. मान सरळ असली की ते मणक्यांवर तोलले जाते. मान पुढे वाकली की तोच भार मागच्या स्नायूंवर कित्येक पटींनी वाढतो. मुंग्यांचे कारण मनगटात होते. तिथल्या अरुंद बोगद्यातून एक मज्जातंतू जातो. मनगट तासन् तास वाकलेले राहिले की तो दाबला जाऊ शकतो.

उपाय खर्चाचे नाहीत. साधे टेबल आणि लाकडी खुर्ची पुरते. लॅपटॉपखाली जाड पुस्तके रचून पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला आणावी. कीबोर्ड आणि माउस वेगळे, साधे घ्यावेत. मनगट सरळ, पाऊले जमिनीवर. शेजारी पाण्याचा तांब्या ठेवावा. पाणी प्यायले की उठावे लागते, आणि उठणे हेच मोठे औषध आहे.

जागरणाने प्रोग्राम सुटत नाही

२००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की सलग सतरा ते एकोणीस तास जागे असलेल्या माणसांची अचूकता आणि चपळाई थोडी दारू प्यायलेल्या माणसाइतकी घसरते. सकाळी सातला उठलेला मुलगा रात्री दोनला चूक शोधत बसतो, तेव्हा त्याची हीच अवस्था असते. तो एक चूक काढतो आणि दोन नव्या घालतो. दिवसा शिकलेले मेंदूत पक्के होण्यासाठीही झोप लागते. या वयात सात ते नऊ तासांची झोप हवी. चहा-कॉफीतल्या कॅफिनचा निम्मा अंश पाच-सहा तासांनंतरही रक्तात असतो. म्हणून संध्याकाळनंतर ते टाळावे.

अर्धा तास झटूनही प्रोग्राम सुटला नाही, तर उठावे. वडाळे तलावाच्या काठाने एक फेरी मारावी, नाहीतर निदान जिन्यावरून खालीवर करावे. मग मित्राला प्रोग्राम ओळीओळीने मराठीत समजावून सांगावा. सांगता सांगताच चूक सापडल्याचे विद्यार्थी मला सांगतात.

कधी थांबू नये?

अचानक उठलेली असह्य डोकेदुखी, डोकेदुखीबरोबर उलट्या किंवा ताप, दोन-दोन दिसणे, हातातली ताकद जाणे, यांपैकी काही असेल तर लगेच डॉक्टरांकडे जावे. दोन आठवडे मन उदास राहिले, कशातच गोडी वाटेना, तरीही तपासून घ्यावे. जगणे नकोसे वाटले, तर एक दिवसही थांबू नये. केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा क्रमांक रात्री-अपरात्रीही लागतो.

पालकांना एक विनंती. फोनवर पहिला प्रश्न 'निकाल काय?' हा नको.

त्या मुलाला मी चष्मा, मनगटाला रात्री बांधायचा आधार आणि मानेचे व्यायाम सांगितले. चौथी गोष्ट सांगितली, ती म्हणजे घरी खरे बोलण्याची. दोन महिन्यांनी तो पुन्हा आला. मुंग्या थांबल्या होत्या, डोकेदुखी क्वचित. एक केटी सुटली होती, एक बाकी होती.

"घरी सांगितलेस?"

"सांगितले."

"वडील काय म्हणाले?"

"काही नाही. जेवलास का, एवढेच विचारले." आणि तो हसला. त्या रात्री तो साडेदहालाच झोपला होता म्हणे.