शेकानंतरचे आतडे (लेखांक ७) : भाकरीवरची बंदी

ओटीपोटाच्या किरणोपचारात, म्हणजे रुग्णांच्या बोलीतल्या शेकात, लहान आतड्याचे अस्तर लवकर दुखावते. या अस्तराच्या पेशी तीन ते पाच दिवसांत बदलतात. त्या घडवणाऱ्या मूळपेशींवरच किरण पडले की झिजलेल्या जागी भरती होत नाही. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पोट बिघडते, आणि त्याच सुमारास घरातली भाकरीही बंद होते. सोलापूरच्या शुक्रवार पेठेतील एका वाचकाचा प्रश्न नेमका हाच आहे: शेक चालू असताना ज्वारीची भाकरी खरेच सोडायची का?

प्रश्न जिल्ह्याच्या घरचाच आहे. बार्शीची ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ साली सुरू झाली, देशातील अशी पहिलीच. तिथल्या स्त्रियांच्या नोंदींत गर्भाशयमुखाचा कॅन्सर दीर्घकाळ आघाडीवर राहिला, आणि त्याच्या उपचारात ओटीपोटाचा शेक वारंवार लागतो.

बंदीमागचा तर्क सोपा होता: चोथा, म्हणजे अन्नातील तंतू, आतड्याला खरवडतो. पुरावा मात्र तुटपुंजा. लंडनच्या रॉयल मार्सडेन रुग्णालयाने १६६ रुग्णांचे तीन गट केले. एकाला दिवसाला १० ग्रॅमपर्यंत चोथा, दुसऱ्याला नेहमीचा आहार, तिसऱ्याला १८ ग्रॅम किंवा अधिक. २०१७ साली निष्कर्ष छापून आले तेव्हा पारडे उलटे पडले होते. चोथा वाढवलेल्यांची पोटाची स्थिती उपचार संपताना आणि वर्षभरानंतरही नेहमीच्या आहारातील गटापेक्षा कमी ढासळली होती. चोथा तोडण्याचा फायदा दिसला नाही.

याचे संभाव्य कारण मोठ्या आतड्यात आहे. तिथले जीवाणू चोथा आंबवतात, त्यातून ब्युटिरेट हे आम्ल तयार होते आणि मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी मुख्यतः त्यावर जगतात. चोथा तोडला की त्यांचा रोजचा शिधा तुटतो. ज्वारीत १०० ग्रॅममागे सुमारे १० ग्रॅम तंतू असतात. लंडनचे मोजमाप वेगळ्या पद्धतीचे असल्याने आकड्याला आकडा जोडता येत नाही, पण भाकरी सरसकट शत्रूंच्या यादीत बसत नाही एवढे नक्की.

अट मात्र आहे. आतडे आकसून अरुंद झाले असेल, पोट फुगून कळा येत असतील, तर चोथा अडकतो. तिथे बंदी योग्यच. कडक भाकरीचा करकरीत तुकडा तसाच खाण्यापेक्षा कुस्करून पातळ आमटीत मऊ होऊ द्यावा. शेंगदाणा चटणीची गोष्ट वेगळी, तिथे तेल आणि तिखट आडवे येते. दुधाचेही तसेच: अस्तर झिजले की दुधातील साखर पचवणारे विकर घटते. त्यामानाने ताक बहुतेकांना सोसते.

तरीही आतडे वाचवण्यात ताटाहून यंत्राचा हात मोठा. टाटा मेमोरियल सेंटरच्या ‘पार्सर’ चाचणीत शस्त्रक्रियेनंतर शेक घेणाऱ्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या ३०० रुग्ण होत्या. निम्म्यांना जुन्या त्रिमितीय पद्धतीने, निम्म्यांना रोज प्रतिमा तपासून किरणांची तीव्रता घडवणाऱ्या आयएमआरटीने शेक दिला. तीन वर्षांत आतड्याचा मध्यम वा तीव्र उशिरा त्रास जुन्या पद्धतीत ४२.४ टक्के, नव्या पद्धतीत २१.१ टक्के, रोग उलटण्यात ठळक फरक नाही. २०२१ साली हे प्रसिद्ध झाले.

शेक संपून महिने उलटल्यावर पातळ, तेलकट शौच सुरू झाले, तर दोष भाकरीवर ढकलण्याचा मोह होतो. लहान आतड्याचे टोक दुखावले की पित्ताम्ले परत शोषली जात नाहीत. ती मोठ्या आतड्यात उतरून जुलाब लावतात. अशा वेळी कोलेस्टिरामीनसारखे पित्ताम्ल धरून ठेवणारे औषध लागते. रक्त पडत असेल तर आधी दुर्बिणीने तपासणी, ताटातली फेरफार नंतर.