चार आण्यांची कोंबडी

गेल्या वर्षी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी आमच्या गाडीचं एस्टिमेट हातात पडलं : ८६,४०० रुपये. क्लच सेट, पुढचे दोन्ही लोअर आर्म, चारही शॉकअप, टर्बोचं काम, रेडिएटर आणि बारीकसारीक होजपाइप. गाडी फेब्रुवारी २०११ची, डिझेल, मीटरवर २ लाख २१ हजार किलोमीटर. त्याच आठवड्यात जुन्या गाड्यांच्या एका व्यापाऱ्यानं तिला एक प्रदक्षिणा घातली, टायरला लाथ मारली आणि बॉनेटही न उघडता भाव सांगितला : सव्वा लाख. मेहुण्यानं दोन्ही आकडे ऐकून निकाल दिला, "चार आण्यांची कोंबडी, बारा आण्यांचा मसाला. दसऱ्याचा मुहूर्त आहे, बुकिंग करून मोकळे व्हा दाजी."

म्हण बिनतोड वाटते. पण कोंबडी विकायची असेल तरच तिची किंमत आणि मसाल्याची किंमत शेजारी ठेवण्यात अर्थ. ज्याला रस्सा खायचाय, त्यानं बाहेरची थाळी केवढ्याला पडते ते बघायचं. गाडीचंही तसंच. बाजारभावाशी दुरुस्तीची तुलना विकणाऱ्यानं करावी. चालवणाऱ्यानं जुन्या गाडीचं येतं वर्ष आणि नव्या गाडीचं येतं वर्ष यांची तुलना करावी. हा हिशोब घरोघरी चुकतो, म्हणून आधी तोच मांडतो.

नवी गाडी ९ लाखांची धरू, रस्त्यावर येईपर्यंत १० लाख. दोन लाख पदरचे घातले आणि ८ लाखांचं कर्ज साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं, तर हप्ता साधारण १६,८०० रुपये बसतो आणि पाच वर्षांत व्याजाचे २ लाख ८ हजार जातात. हप्ता डोळ्यांना दिसतो, घसारा दिसत नाही. विमा कंपन्यांचं घसाऱ्याचं कोष्टक सरळ आहे : पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, मग दर वर्षाला आणखी १० करत पाचव्या वर्षी ५० टक्के. म्हणजे ९ लाखांतले साडेचार लाख हवेत विरले. व्याज धरून ६ लाख ५८ हजार. वर्षाला जवळपास १ लाख ३२ हजार, आणि तेही गाडी सोसायटीत नुसती उभी राहिली तरी. सर्वंकष विम्याचा मोठा हप्ता यात धरलेला नाही.

आता आमची म्हातारी. ८६ हजारांचं काम तीन वर्षं टिकेल असं धरलं तर वर्षाला २९ हजार. प्रामाणिक हिशोबनीस इथे एक रक्कम आणखी मिळवेल, जी जुन्या गाडीचे कैवारी हटकून विसरतात. आज येऊ घातलेले सव्वा लाख आपण नाकारतोय आणि तीन वर्षांनी गाडीचे जेमतेम भंगाराचे पैसे येतील. ते वर्षाला ३० हजार धरा. अचानक उपटणाऱ्या दुखण्यांसाठी २५ हजार. झाले ८४ हजार. फरक आहे, पण मिरवण्याइतका नाही. वर्षाला ८४ ऐवजी खर्च सव्वा लाखापर्यंत जायला लागला की समजावं, नवी गाडी दाराशी आली.

"नवी गाडी ॲव्हरेज जास्त देते, त्यातच हप्ता सुटतो," हे शोरूममधलं आवडतं वाक्य. वर्षाला १०,००० किलोमीटर चालणारी जुनी पेट्रोल गाडी लिटरला १२ देते आणि नवी १८ देईल, पेट्रोल १०५ रुपये धरू. वाचले २९ हजार. त्यात पावणेदोन हप्ते सुटतात. उरलेले सव्वादहा कोण भरणार, ते सेल्समन सांगत नाही.

मेहुण्याची म्हण कुठे लागू पडते, तेही सांगतो. अपघाताच्या दाव्यात. दुरुस्तीचा खर्च विमा उतरवलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की कंपनी गाडी दुरुस्त करत बसत नाही, ती 'टोटल लॉस' धरते. तिथे दुसरा विचार करायला जागाच नसते.

पण वरचा सगळा हिशोब एका गृहीतावर उभा आहे : काम केल्यावर गाडी खरंच तीन वर्षं धावेल. हे कागदावर कळत नाही, गाडीखाली शिरावं लागतं. म्हणून एस्टिमेटचा कागद घेऊन मी आमच्या मिस्त्रीकडे गेलो. त्यानं तो वाचलाच नाही. आधी इंजिन सुरू करून ऑइलचं झाकण काढलं आणि वर तळहात धरला. भकाभक धूर आणि दाब आला असता तर पिस्टनच्या रिंगा गेल्या, कॉम्प्रेशन खाली झिरपतंय. मग मला ॲक्सिलरेटर दाबायला लावून तो मागे सायलेन्सरपाशी उभा राहिला. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल खातंय. काळा म्हणजे डिझेल नीट जळत नाही, फिल्टर किंवा इंजेक्टर बघा. हे त्या मानानं किरकोळ. आणि थंडीतली सकाळची वाफ सोडून एरवीही पांढरा धूर येत राहिला, कूलंट सारखं कमी होत राहिलं, तर हेड गॅसकेटची शंका. आमच्या गाडीनं किंचित काळा धूर सोडला आणि गप्प झाली.

"इंजिन पास," तो म्हणाला. "कागदावरचं बाकी सगळं झिजायचंच सामान आहे."

झिजायचं सामान आणि दुखणं यांतला हा फरक मला फार मोलाचा वाटतो. क्लच प्लेट, ब्रेक, बुश, शॉकअप, बॅटरी, टायर ही झिजण्यासाठीच बनवलेली असतात. नव्या गाडीतही चार-सहा वर्षांनी तीच बदलावी लागणार. त्यांचा खर्च आला म्हणून गाडी विकणं म्हणजे चपलेचा अंगठा तुटला म्हणून पाय नकोसा होणं. इंजिनाचं बोअरिंग, गिअरबॉक्स, पुन्हा पुन्हा रुसणारं वायरिंग ही दुखणी. त्यांतही वायरिंगला मी सर्वांत घाबरतो, कारण बोअरिंगचा खर्च आधी सांगता येतो, वायरिंगचा येत नाही. टायमिंग बेल्ट हा तर झिजायच्या सामानातला विषारी साप. काही हजारांचा पट्टा वेळेवर बदलला नाही आणि चालत्या गाडीत तुटला, तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात आणि अख्खं हेड उघडावं लागतं. जुनी गाडी विकत घेणाऱ्यानं बेल्ट कधी बदलला हे आधी विचारावं, रंग नंतर बघावा. टायमिंग चेन असलेल्या गाड्यांना ही धास्ती कमी.

किलोमीटरच्या आकड्याला आपण उगाच भितो. ग्रीसमधल्या एका टॅक्सीवाल्याची मर्सिडीज २४०डी ४६ लाख किलोमीटर धावून २००४मध्ये कंपनीच्या संग्रहालयात गेली. अमेरिकेत अर्व्ह गॉर्डन नावाच्या शिक्षकानं १९६६ साली घेतलेली व्हॉल्व्हो ३० लाख मैलांपलीकडे नेली. ही माणसं वेळच्या वेळी ऑइल बदलणारी होती आणि लांब पल्ल्याची होती, हे दुसरं जास्त महत्त्वाचं. पुणे-सोलापूर हायवेवर एका लयीत काटलेले लाखभर किलोमीटर इंजिनाच्या अंगी लागतात. हडपसर ते हिंजवडी अर्ध्या क्लचवर रांगत काटलेले पन्नास हजार त्याहून जड जातात. शिवाय मीटर मागे फिरवणारे कलाकार आपल्याकडे कमी नाहीत. सर्व्हिसची बिलं मीटरपेक्षा खरं बोलतात.

इंजिन पास झाल्यावर मला वाटलं, सुटलो. मिस्त्री मात्र मागचं दार उघडून गाडीतलं कार्पेट ओढायला लागला.

आमची गाडी पहिली सहा वर्षं बाबांकडे रत्नागिरीला होती. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि उरलेले महिने खारा वारा. देशावरच्या माणसाला इंजिनाची काळजी, कोकणातल्या माणसाला पत्र्याची. कार्पेटखाली डाव्या बाजूला तळहाताएवढा पत्रा पापुद्र्यासारखा सुटला होता. मिस्त्रीनं स्क्रू-ड्रायव्हरची मूठ उलटी धरून ठोकत नेलं. आवाज टणक आला की पुढे, भद्द आला की थांबायचं. दारांखालची आडवी चौकट, मागच्या सस्पेन्शनचे बिंदू, पुढे शॉकअप जिथे बॉडीला बसतो ती वाटी. "दादा, इंजिन बाजारात मिळतं, चासी नाही मिळत. ह्या वाट्या सडल्या असत्या तर मीच सांगितलं असतं, नका घालू पैसे." आजच्या बहुतेक गाड्यांना ट्रकसारखी वेगळी चासी नसते, बॉडीचा सांगाडाच सगळा भार पेलतो. फ्लोअरला तुकडा वेल्ड करता येतो. भार पेलणारी जागा सडली की वरून कितीही चकाचक पेंट मारा, अपघातात तो सांगाडा कागदासारखा दुमडतो. एस्टिमेटच्या दोन पानांत पत्र्याबद्दल एक ओळ नव्हती, आणि निर्णय खरा तिथेच होता.

आमच्या वाट्या टणक निघाल्या.

पुढचा प्रश्न सामानाचा. मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ला ताडदेव आरटीओत नोंदलेली होती. टॅक्सीसाठीची २० वर्षांची मर्यादा संपल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३पासून ती रस्त्यावरून उतरली. कुर्ल्याच्या कारखान्यातून पद्मिनी निघायची थांबली त्याला तोवर दोन दशकं उलटली होती. एवढी वर्षं ती धावली, कारण तिचं काम येणारे हात आणि तिचे सुटे भाग शहरात टिकून होते. आजही हाच निकष लावावा. फियाटचं १.३ लिटरचं डिझेल इंजिन मारुती, टाटा आणि फियाट अशा तिन्ही घरच्या गाड्यांत बसलं, त्यामुळे त्याचं काम गावोगावच्या गॅरेजांना पाठ आहे. उलट जनरल मोटर्सनं २०१७च्या अखेरीस भारतातली विक्री थांबवली, फोर्डनं २०२१मध्ये इथलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा गाडीत मोठा खर्च घालण्यापूर्वी सुटे भाग मिळतात का ते बघायला नाना पेठेत किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर एक फेरी मारून यावी.

आता कायदा. "१५ वर्षं झाली, गाडी भंगारात घालावीच लागते ना?" असं मला आजवर डझनभर लोकांनी विचारलं असेल. नाही. डिझेलला १० आणि पेट्रोलला १५ वर्षांची बंदी ही दिल्ली परिसरापुरती. हरित लवादाचा २०१५चा आदेश सर्वोच्च न्यायालयानं २०१८मध्ये कायम केला, पुढे त्यातही फेरफार झाले. सरकारी मालकीच्या गाड्या १ एप्रिल २०२३पासून १५ वर्षांनी मोडीत काढाव्या लागतात, तो नियम आपल्याला नाही. खासगी गाडी आरटीओत तपासून घेऊन पाच-पाच वर्षांसाठी पुन्हा नोंदता येते. कारसाठी ही फी एप्रिल २०२२मध्ये ६०० रुपयांवरून ५,००० झाली, आणि ऑगस्ट २०२५च्या अधिसूचनेनं २० वर्षांवरच्या कारला १०,००० केली. वर राज्याचा पर्यावरण कर. म्हातारपण महाग करायचं हे सरकारचं धोरण दिसतंय, पण बंदी नाही. दुसऱ्या बाजूला सप्टेंबर २०२५मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८वरून १८ टक्क्यांवर आला. सुट्या भागांचाही १८वर आला, म्हणून पारडं फारसं हललं नाही, इतकंच.

एका बाबतीत मात्र मेहुण्याचं म्हणणं मला खोडता आलं नाही. आमच्या गाडीत एअरबॅग नाहीत आणि एबीएसही नाही. नव्या कारला एबीएस सक्तीचं झालं २०१९मध्ये, पुढच्या दोन एअरबॅग जानेवारी २०२२पासून. क्लच नवा घालता येतो, एअरबॅग मागाहून बसवता येत नाही. ज्या घरातली मुलं नुकती गाडी शिकली आहेत किंवा ज्यांचं आठवड्याला एक्स्प्रेस-वेवर जाणं आहे, त्यांनी माझी वरची आकडेमोड खुशाल फाडून टाकावी आणि नवी, किमान २०२२ नंतरची, गाडी घ्यावी.

आम्ही मधला मार्ग काढला. मिस्त्रीनं टर्बो उघडून साफ केला, तो बदलावा लागला नाही. मागचे शॉकअप ठीक होते. फ्लोअरला तुकडा वेल्ड झाला. एकूण ४९ हजार. या फेब्रुवारीत १५ वर्षं भरली, पाच वर्षांची नोंदणी वाढवून घेतली. गाडी आता गावातच फिरते; लांबच्या प्रवासाला आम्ही एसटी नाही तर रेल्वे धरतो. मेहुण्यानं स्वतः त्या दसऱ्याला नवी घेतली. रोज साठ किलोमीटर जाणाऱ्या माणसानं तेच करायला हवं होतं.

त्यानं जुनी गाडी कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याला रोख पैशांत देऊन टाकली होती, तेवढी मी त्याला परत आणायला लावली. तुम्हीही अशी गाडी देऊन टाकू नका. आरसी बुकावर तुमचं नाव आहे तोवर त्या गाडीचे मालक तुम्हीच. अशा गाडीनं केलेल्या अपघाताची भरपाई नोंदलेल्या मालकावरच येते, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८मध्ये स्पष्ट केलंय. गाडी विकली तर ट्रान्स्फर पुरी होईपर्यंत मागे लागा. मोडीत काढायची असेल तर सरकारमान्य स्क्रॅपिंग केंद्रातच द्या. तिथून मिळणारं 'सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट' जपून ठेवा, नव्या गाडीच्या करात त्यावर सवलत मिळते. आणि आरटीओत नोंदणी रद्द झाल्याचा कागद हातात पडल्याशिवाय फाइल बंद करू नका.