कामेहामेहा सोडण्याआधी दम मोजा

सोलापुरात 'ड्रॅगन बॉल झेड' बघत मोठी झालेली पोरं किती आहेत, हे मोजायचं असेल तर कुठल्याही कॉलेजच्या कँटीनमध्ये जाऊन जरा मोठ्यानं फक्त 'कामे...' म्हणा. उरलेलं 'हामेहा' कुठल्या तरी टेबलावरून येतंच. घरात कुणी मराठी बोलतं, कुणी कन्नड, कुणी तेलुगू, कुणी दख्खनी. कार्टून नेटवर्कवरचा गोकू हिंदीत बोलायचा आणि तो सगळ्यांना कळायचा. २०२४ च्या मार्चमध्ये त्याचे निर्माते अकिरा तोरियामा गेल्याची बातमी आली, तेव्हा आमच्या बॅचच्या ग्रुपवर परीक्षेच्या टाइमटेबलपेक्षा जास्त मेसेज पडले होते.

टीव्हीवरचा गोकू आता फोनमध्ये आलाय. ज्याच्याकडे बरा अँड्रॉइड फोन आहे, त्याला 'पीपीएसएसपीपी' हे नाव सांगावं लागत नाही. सोनीचा हातातला गेमिंग कन्सोल, म्हणजे पीएसपी, फोनवर चालल्यासारखा चालवणारं हे ॲप. फुकट आहे, २०१२ पासून आहे. आणि त्यात बहुतेकांकडे एकच गेम दिसतो : 'तेनकाइची टॅग टीम'. दोघांविरुद्ध दोघं, सत्तरहून जास्त पात्रं, मोकळं थ्रीडी मैदान, डोंगर फुटतायत, समुद्र उसळतोय. बघायला भारीच.

माझं म्हणणं वेगळं आहे. त्याच पीएसपीवर त्याच्या चार वर्षं आधी, २००६ मध्ये, 'ड्रॅगन बॉल झेड : शिन बुडोकाई' आला होता. पात्रं वीसच्याही आत. दिसायला साधा. पण फायटिंग गेम म्हणून तो टॅग टीमच्या दोन पावलं पुढे आहे, आणि आपल्याकडे तो धड कुणी खेळतच नाही. लोक खेळतात ते त्याचं सोंग. त्यावर नंतर येतो.

आधी गेम. हा समोरासमोरचा सामना आहे. डावीकडे तुम्ही, उजवीकडे समोरचा, जसं जुन्या पार्लरमध्ये असायचं. फरक इतकाच, की इथे पात्रं उडतात, त्यामुळे मारामारी जमिनीवरून आभाळात आणि आभाळातून परत जमिनीवर जाते. हलका फटका, जोराचा फटका, बचाव आणि ऊर्जेचा गोळा. बटणं एवढीच. दहा मिनिटांत लहान भाऊसुद्धा शिकतो, आणि पुढची दहा मिनिटं तो तुम्हाला नुसता बटणं बडवून हरवतोसुद्धा.

खरी गोष्ट त्यानंतर सुरू होते. पडद्यावर जिवाच्या पट्टीसोबत आणखी एक पट्टी असते, 'की'ची. 'की' म्हणजे आतली ताकद. आपल्या तालमीतला शब्द वापरायचा तर दम. कामेहामेहा सोडायचा, दम जातो. साधा गोळा फेकायचा, दम जातो. आणि 'ऑरा बर्स्ट' नावाची एक युक्ती आहे. ती चालू केली की अंगाभोवती ज्वाळा उठतात, वेग वाढतो, क्षणात गायब होऊन समोरच्याच्या पाठीमागे उभं राहता येतं. पण ती चालू असेपर्यंत दम गळत राहतो. म्हणजे तुमचा सगळ्यात मोठा वार आणि तुमची सगळ्यात मोठी पळवाट, दोन्ही एकाच खिशातून पैसे काढतात.

इथे गेम खरा होतो. समोरचा मोठा वार करणार असं दिसलं, तर आता गायब होण्यात दम घालवायचा, की मार खाऊन तो राखून ठेवायचा आणि पुढच्या वेळी आपला वार करायचा? हा प्रश्न दर तीन-चार सेकंदांनी येतो. आमच्या रूमवर एक जण आहे, गावाकडं कुस्ती केलेला. त्याने आयुष्यात फायटिंग गेम खेळला नव्हता. तिसऱ्या दिवशी तो आम्हा सगळ्यांना धुवायला लागला. 'काय बे, कसं काय?' म्हटलं तर म्हणाला, तुम्ही पहिल्या मिनिटातच दम घालवताय, मी नुसता थांबतोय.

हा तोल काही योगायोगाने आलेला नाही. गेम बनवला 'डिम्प्स' या जपानी कंपनीने. ती २००० मध्ये काढली ताकाशी निशियामा यांनी. १९८७ चा पहिला 'स्ट्रीट फायटर' दिग्दर्शित करणारा हाच माणूस. पुढे ते एसएनके कंपनीत गेले. एसएनके म्हणजे 'किंग ऑफ फायटर्स ९७' वाले. आपल्या मोठ्या भावांना विचारा. एक रुपयाचं नाणं टाकून पार्लरमध्ये ते जे बडवायचे, तोच गेम. (दुसरा मुस्तफा. पण तो फायटिंग गेममध्ये धरत नाहीत, भावना दुखवायचा हेतू नाही.) तर शिन बुडोकाईत जे चांगलं आहे ते त्या घराण्यातलं आहे. गोकू वरून बसवलाय, हाडं पार्लरची आहेत.

गोष्ट मात्र पार्लरची नाही, आणि मला ती आवडली. १९९५ च्या 'फ्यूजन रिबॉर्न' या सिनेमातल्या जानेम्बाच्या कथेवर स्टोरी मोड बेतलाय. जिवंत आणि मेलेले यांच्यातली हद्दच मोडून पडते, तो गोंधळ. मजा अशी की सामना हरलात तर गेम ओव्हर होईलच असं नाही. काही ठिकाणी हरलात की गोष्ट दुसऱ्या फाट्याला वळते. त्यामुळे हरल्यावर चिडून रीस्टार्ट मारायच्या आत एकदा पुढे जाऊन बघा. पण सांगायची पद्धत फार कोरडी आहे. स्थिर चित्रं, खाली इंग्रजी मजकूर, बटण दाबा, पुढचा मजकूर. दुसऱ्या संध्याकाळी मी न वाचता पुढे ढकलायला लागलो. त्यात तेच तेच दुश्मन फिरून येतात आणि तीच तीच मैदानं.

आता सोंगाबद्दल. नेटवर 'शिन बुडोकाई ५', '६', '७' असं काय काय मिळतं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या फोनमध्ये असेलही. तर ऐका : कंपनीने शिन बुडोकाई नावाचे दोनच गेम काढले. पहिला २००६ चा, दुसरा २००७ चा 'अनदर रोड', ज्याला जपानमध्ये 'शिन बुडोकाई २' म्हणतात. बाकी सगळे चाहत्यांनी जुन्या गेमवर नवी कातडी चढवून केलेले मॉड आहेत. गोकूचे केस निळे केले, नाव बदललं, चेहरा बदलला. काहींची मेहनत खरंच दाद देण्यासारखी आहे, फुकटात रात्री जागून करतात बिचारे. पण कातडी बदलताना आतला तोल कुणी तपासत नाही. एखाद्या पात्राचा दम संपतच नाही, एखाद्याचा एकच वार अर्धी पट्टी खातो. ज्या एका गोष्टीसाठी हा गेम खेळायचा, तीच गायब. गड्ड्याच्या जत्रेत नेमबाजीच्या स्टॉलवर सगळ्यात मोठी बाहुली पुढे टांगलेली असते, तसं आहे हे. पात्रांची यादी पुढे टांगलेली, बंदुकीची नळी वाकडी.

आणि फाइल उतरवताना काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. चार जाहिराती, मग पासवर्ड लावलेली झिप, पासवर्ड हवा तर अमुक चॅनेल सबस्क्राइब करा, मग एखादं भलतंच ॲप, जे कॉन्टॅक्ट्स आणि मेसेज वाचायची परवानगी मागतं. मारामारीच्या गेमला तुमचे मेसेज कशाला हवेत, एवढा प्रश्न विचारायला कम्प्युटर सायन्स लागत नाही. ज्या फोनवर यूपीआय चालतं त्याच फोनवर हे चाललंय.

मग खरा गेम मिळवायचा कसा? इथे माझ्याकडे सोपं उत्तर नाही. सोनीने पीएसपी बनवणं २०१४ च्या सुमारास थांबवलं, त्याची नवी डिस्क दुकानात मिळत नाही. पीपीएसएसपीपी कायदेशीर आहे, पण त्यात टाकायचा गेम तुमच्या मालकीचा हवा. वापरलेली डिस्क शोधायची, नाहीतर कुणाच्या तरी कपाटातून काढायची, हेच मार्ग. माझं नशीब, मामेभावाने पहिल्या पगारातून घेतलेला पीएसपी आणि त्याच्या डिस्क घरी होत्या. बॅटरी बदलावी लागली. डिस्क फिरताना आतून किरकिर आवाज येतो आणि प्रत्येक सामन्याआधी थांबावं लागतं, तेवढ्यात शेंगाचटणी-भाकरीचा एक घास होतो. पण ४.३ इंचांच्या त्या पडद्यावर, खऱ्या बटणांवर हा गेम खेळणं आणि फोनच्या काचेवर खेळणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

का, ते सांगतो. ऑरा बर्स्टमधून गायब व्हायला मिळणारी वेळ डोळ्याची पापणी लवेपर्यंतची. खऱ्या बटणावर अंगठ्याला कडा लागते, तो न बघता जागा ओळखतो. काचेवर सगळं सपाट. अंगठा जरा सरकला की बचावाऐवजी गोळा सुटतो, आणि आपला दम फुकट जातो. मी सेटिंगमध्ये जाऊन पडद्यावरची बटणं मोठी केली, एकमेकांपासून लांब ठेवली. बराच फरक पडला. कुणाकडे ब्लूटूथ कंट्रोलर असेल तर तो मागून घ्या, अर्ध्या अडचणी तिथेच मिटतात. टॅग टीम काचेवर बरा चालतो, याचं कारणही हेच : त्यात इतकं काटेकोर काही नाहीच. कॅमेरा पात्राच्या पाठीमागे फिरतो, बटणं बडवली तरी काहीतरी झगमगाट होतो.

टॅग टीमला एक मार्क मात्र द्यायलाच हवा. तो चौघांसाठी बनवलाय. चार पीएसपी जवळ आणून, इंटरनेटशिवाय चौघं एकत्र खेळू शकतात. एकट्याने, कम्प्युटरच्या जोडीदारासोबत तो खेळणं म्हणजे कॅरमवर एकट्याने चारही बाजू फिरणं. जोडीदार नको तिथे घुसतो आणि हवा तेव्हा डोंगराआड असतो. चौघं जमत असतील तर टॅग टीम, दोघंच असाल तर शिन बुडोकाई, असा माझा सरळ हिशेब आहे.

'स्पार्किंग झीरो' आलाय ना, मग हे जुनं कशाला उकरतोस, असं आमच्या संपादकांनीही विचारलं. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये आला, १८० हून जास्त पात्रं आहेत, दिसतो तर सिनेमासारखा. पण तो आला तेव्हा त्याला प्लेस्टेशन ५, एक्सबॉक्स सिरीज किंवा तगडा पीसी लागायचा. आमच्या मजल्यावर अशी एकही वस्तू नाही. जुना पीएसपी एक आहे आणि रांग लावणारे सात जण आहेत. हरणारा उठतो, पुढचा बसतो. मॅच दोन-अडीच मिनिटांत संपते, त्यामुळे रांगेत कुणी कंटाळत नाही.

खेळायला घेतलात तर गोकू घेऊ नका, सगळे तेच करतात आणि पहिल्या तीस सेकंदांत कामेहामेहा सोडून रिकामे होतात. पिकोलो घ्या. पहिले दोन दिवस मोठा वार करायचाच नाही असं ठरवा. फक्त बचाव, हलके फटके, आणि समोरच्याच्या दमाच्या पट्टीवर नजर. ती तळाला लागली, की मग सुरू करा.